सहावा विषय

मास्तरांनी दारातच उभं राहून मोजायला सुरुवात केली. गादी एक, उशी एक, चादरी दोन, टेबललॅम्प एक, बादली एक, तिच्यात मग एक. पुस्तकं चौदा, वह्या अकरा. कपड्यांची बॅग एक, चपलांचे जोड दोन, पाण्याची बाटली, छत्री आणि भिंतीवरचं घड्याळ. एकूण अडतीस नग. खिडकीकडचा पलंग आणि त्याच्यावरचा पसारा दुसऱ्या मुलीचा होता. तो त्यांनी नजरेनेच वगळला.

“तीन खोकी,” ते म्हणाले. “गादी वेगळी.”

मुंगीने मान हलवली. गेल्या अकरा दिवसांत वडील तिच्याशी एका दमात इतकं बोलले नव्हते.

खरं तर ते मास्तर नव्हते. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत बावीस वर्षं सामान बांधत होते आणि शाळा त्यांनी आठवीत सोडली होती. पण नगांची यादी लिहायची ती त्यांनीच. अक्षर मोत्यासारखं, बेरीज कधी चुकायची नाही, आणि एखादं घर पाहून त्यांनी “चाळीस खोकी” म्हटलं की एकेचाळिसावं लागत नसे. म्हणून गोदामात सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढे मालकही म्हणू लागला, आणि घरी बायकोसुद्धा, रागावली की.

त्यांनी पहिलं खोकं उघडून तळाला आडवी-उभी चिकटपट्टी मारली. जड पुस्तकं खाली, वह्या कडेने, फटींमध्ये मोजे आणि रुमाल. खोकं बंद करण्याआधी ते दोन्ही हातांनी उचलून कानाशी हलवायचं, ही त्यांची पद्धत. आतून आवाज आला तर कुठेतरी जागा रिकामी राहिली. त्यांनी हलवलं. आवाज आला नाही.

“घड्याळ राहू दे का भिंतीवर?” मुंगीने विचारलं. “अडीचला काय म्हणतात ते कळेपर्यंत?”

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. शिष्यवृत्तीच्या फेरविचाराचा अर्ज अडीचला ऐकणार होते आणि खोली पाचच्या आत सोडायची होती. अर्ज मान्य झालाच तर तिन्ही खोकी परत तीन जिने वर आणावी लागणार होती. ती आणायला ते एका पायावर तयार होते.

“राहू दे,” ते म्हणाले.

*

विद्यापीठ सरकारी होतं, पण सरकारी म्हणजे स्वस्त नव्हे, हे मास्तरांना गेल्या वर्षी कळलं. शिकवण्याची फी, वसतिगृह, जेवण, प्रयोगशाळेची अनामत, परीक्षेची फी, आणि ‘इतर’ म्हणून एक रकाना, ज्यात नेमकं काय ते कुणालाच सांगता येईना. सगळं मिळून वर्षाचे त्यांचे सात पगार होत होते. गुणवत्तेची शिष्यवृत्ती वजा केली की उरत होता दीड. दीड पगार वर्षभरात जमवता येतो. त्यांनी तो जमवला होता. बायकोने दुपारची आणखी एक शिवणाची शिफ्ट धरली होती, आणि त्यांनी रविवारची कामं.

त्या उन्हाळ्यात बापलेक फीची पुस्तिका घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसत. मुंगी वाचायची, मास्तर बोट फिरवायचे. सतराव्या पानावरची ओळ त्यांनीच शोधून काढली. विषय पाच घ्या की सहा, फी तेवढीच.

“म्हणजे टेम्पोचं भाडं एकच,” ते म्हणाले होते. “अर्धा भरा नाहीतर पूर्ण भरा.”

“बाबा, पाच विषय पुष्कळ होतात. सगळे पाचच घेतात.”

“सगळ्यांचे बाप टेम्पो भरत नाहीत,” मास्तर म्हणाले. यावर तिची आईसुद्धा हसली होती. “फुकट जागा आहे, मुंगे. रिकामी नेलीस तर भाड्यातला सहावा हिस्सा हवेचा भरलास असं समज.”

तिने सहावा विषय घेतला. आधी तिने आकाशातल्या ताऱ्यांचा काहीतरी निवडला होता. मास्तर म्हणाले, घ्यायचाच तर पुढे उपयोगी पडेल असा वजनदार घे. मग तिने संख्याशास्त्र घेतलं.

पहिल्या सत्राच्या आठव्या आठवड्यात तिचा एकदा फोन आला होता. मास्तर तेव्हा कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर होते, खांद्याला फ्रिजचा पट्टा होता.

“बाबा, एक विषय सोडू का? शुक्रवारपर्यंत सोडता येतो. नोंद राहत नाही.”

“का? जमत नाही?”

“जमतंय. पण झोप होत नाही.”

“अगं, गाडी निघाल्यावर कपाट खाली उतरवतं का कुणी? रेट थोडं.”

“बरं,” ती म्हणाली होती.

जूनमध्ये पत्र आलं. त्यात दोनच आकडे होते. शिष्यवृत्ती पुढे चालू राहण्यासाठी लागणारी वार्षिक सरासरी ८.००. आपली सरासरी ७.८३. शिष्यवृत्ती एकदा थांबली की पुन्हा सुरू होत नाही, असं खाली बारीक अक्षरात होतं.

मास्तरांनी लगेच तिला फोन लावला आणि विषयवार गुण सांगायला लावले. ती एकेक सांगत गेली, ते लिहून घेत गेले. भौतिकशास्त्र आठ, गणित आठ, जीवशास्त्र नऊ, भाषा सात.

“आणि रसायनशास्त्र?”

“सहा.”

“सहा? अगं, रसायन म्हणजे तुझा हातचा विषय.”

“संख्याशास्त्रात नऊ आहेत,” ती म्हणाली. “त्यानेच जरा वर ओढलं, बाबा. नाहीतर अजून खाली गेले असते.”

त्यांनी बेरीज केली. सत्तेचाळीस. भागिले सहा, सात पॉइंट त्र्याऐंशी. पत्रातला आकडा बरोबर होता. मग संख्याशास्त्र वगळून केली. अडतीस, भागिले पाच. सात पॉइंट साठ. म्हणजे आपण सांगितलं ते खोटं नव्हतं. पोरीनेच घोळ घातला होता, आणि तोही हातच्या विषयात.

“लक्ष कुठे होतं तुझं?” ते म्हणाले. “आम्ही इथे रविवार विकतोय आणि तुझं लक्ष कुठे होतं?”

“चुकलं माझं, बाबा,” मुंगी म्हणाली.

तिथून पुढे अकरा दिवस ते तिच्याशी धड बोलले नव्हते. अर्ज तिनेच लिहिला, कागद तिनेच जोडले. पालकाची सही हवी होती तेवढी त्यांनी केली.

*

शिष्यवृत्ती विभागाच्या बाहेर सहा खुर्च्या होत्या आणि त्यातली एक मोडकी. मास्तर उभेच राहिले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काय बोलायचं ते चार दिवस घोकलं होतं आणि मुंगीला त्यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

खिडकीतल्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांच्यापुढे ताटाएवढं रजिस्टर उघडं होतं आणि शेजारी मुंगीचा अर्ज. त्यांनी वर पाहिलं, आधी मास्तरांकडे, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुंगीकडे.

“फेरविचाराला तीनच कारणं चालतात,” त्या म्हणाल्या. “पहिलं, आजारपण. मुलगी आजारी होती का वर्षात? दवाखान्याचे कागद?”

“नाही.”

“घरात कुणी आजारी? कुणी गेलं?”

“नाही हो. सगळे ठणठणीत आहेत.” हे सांगताना मास्तर जरा ओशाळले.

“गुण मांडण्यात काही चूक झाली आहे?”

“बेरीज बरोबर आहे. मी करून पाहिली.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग काका, अर्ज कशाच्या आधारावर?”

मास्तरांनी घसा खाकरला. खिडकीच्या लाकडी पट्टीवर त्यांनी दोन्ही पंजे टेकवले. खोकं उचलण्याआधी ते असेच टेकवत.

“बाई, बाकीची मुलं पाच विषय घेतात. हिने सहा घेतले. कुणी सक्ती केली नव्हती. सहावा विषय अवघड, संख्याशास्त्र. आणि त्यात चांगले गुण मिळवले. तुम्ही तो विषय काढून बघा, सरासरी सात पॉइंट साठ येते. म्हणजे जादा काम करून पोरीने स्वतःला वर आणलंय. जे काम जास्त करतात त्यांना थोडी सूट असते कुठेही. आमच्याकडेसुद्धा असते.”

बाईंनी अर्जाला जोडलेला कागद पुढे ओढला. त्यांचं बोट वरून खाली रांगेने आलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. मग एक ओळ वर गेलं, पुन्हा खाली आलं.

“संख्याशास्त्रात चांगले गुण,” त्या म्हणाल्या.

“हो.”

बाईंनी मान वर केली. त्या मास्तरांकडे पाहत नव्हत्या. त्यांच्या खांद्यावरून मागे पाहत होत्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मागे मुंगीच्या चपलेचा बारीकसा आवाज झाला, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकल्यासारखा.

मग बाईंनी तो कागद उलटा करून ठेवला.

“जादा विषयाला नियमात जागा नाही, काका,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “घेतला की तो सरासरीत धरतात. वर नेला तरी आणि... धरतात.”

“पण किती कमी पडतंय? शंभरातले सतरा भाग. काट्यावर एवढा फरक आम्ही बघतसुद्धा नाही.”

“इथे बघतात.”

“कुणी साहेब असतील वरती?”

“साहेबांनी सगळे अर्ज सकाळीच पाहिले. मी फक्त सांगायला बसलेय.” त्यांनी शिक्का उचलला, शाईत दाबला, पण लगेच मारला नाही. “पूर्ण फी भरून ती दुसऱ्या वर्षाला बसू शकते. पंधरा तारखेपर्यंत निम्मी भरा, उरलेली व्याजासकट डिसेंबरात. कर्जाचं पाहिलंत?”

“बँक तारण मागते. घर भाड्याचं आहे.”

“आणि पंधरा तारखेनंतर जागा पुढच्या यादीतल्या मुलाला जाते.”

“मग वर्षभर थांबून...”

“पुन्हा प्रवेश परीक्षा. आणि शिष्यवृत्ती नाही.”

शिक्का पडला. बाईंनी अर्जाची प्रत, गुणपत्रक आणि वसतिगृह सोडल्याची पावती एकत्र टाचली आणि मास्तरांचा पुढे आलेला हात चुकवून सगळं मुंगीच्या हातात दिलं.

“जपून ठेव,” त्या तिला म्हणाल्या. “खूप हुशार आहेस.”

जिना उतरताना मास्तर दोन पायऱ्या पुढे होते. मध्येच थांबून त्यांनी कठडा धरला. मुंगीही वर थांबली.

“ती बाई चांगली होती,” मास्तर म्हणाले.

“हो.”

“आईने औषधांच्या दुकानात बोलून ठेवलंय. सोमवारपासून ये म्हणतात. बसून काम आहे.”

“बरं, बाबा.”

तिने हे इतक्या सरळ म्हटलं की ते मागे वळून पाहणार होते. पण त्यांनी पाहिलं नाही. पुढची पायरी उतरले.

*

टेम्पो मालकाचा होता. सकाळी एका कुटुंबाचं सामान या शहरात उतरवून तो रिकामाच परत जाणार होता, म्हणून मालकाने मुंगीचं सामान टाकायला हरकत घेतली नव्हती. ड्रायव्हर मागचं फळकूट उघडून त्यावर पाय सोडून बसला होता. मास्तरांचा चेहरा पाहून त्याने काही विचारलं नाही. खाली उडी मारली आणि गादी हातात घेतली.

“आजारपण किंवा मयत लागते म्हणे,” मास्तर म्हणाले.

“मग सांगायचं होतंत. ड्रायव्हरकाका गेले, पोरीला फार लळा होता.” ड्रायव्हरने गादी आत लोटली. “मी घरात लपून बसलो असतो चार वर्षं. बायको म्हणाली असती, तसाही उपयोग काय होता.”

मुंगी हसली. त्या दिवसातलं पहिलंच हसू होतं ते. मास्तरांना ते चांगलं वाटलं आणि लगेच राग आला, कशाचा ते कळलं नाही.

“चावी देऊन येते,” ती म्हणाली. “घड्याळ पण काढायचंय.” खांद्यावरची झोळी तिने पुढच्या सीटवर ठेवली आणि ती वसतिगृहात शिरली.

तीन खोकी आणि एक गादी. एवढ्या मोठ्या टेम्पोत ती कोपऱ्यात बसवली तरी मागे अख्खं घर मावेल इतकी जागा उरली. मास्तरांनी सवयीने दोरी आवळली. सरकू नये म्हणून खोक्यांच्या पुढे लाकडी ठोकळा लावला. यादीवर अडतीसपैकी सदतीस नगांवर खुणा केल्या.

तेवढ्यात फाटकावरचा पहारेकरी आला.

“सामान बाहेर नेण्याआधी पावती दाखवा.”

“मुलगी वर आहे. येईल आत्ता.”

“गाडी इथे उभी करता येत नाही. पावती दाखवा आणि बाहेर नेऊन थांबा.”

मास्तरांनी पुढचं दार उघडलं. झोळीत फाइल होती, फाइलमध्ये टाचलेले कागद. पावती शेवटची होती. ती मिळवायला त्यांनी वरचे दोन कागद उलटले आणि दुसरा उलटताना त्यांचा हात मध्येच थांबला.

भौतिकशास्त्र, ८. गणित, ८. जीवशास्त्र, ९. भाषा, ७.

रसायनशास्त्र, ९.

संख्याशास्त्र, ६.

“मिळाली का?” पहारेकऱ्याने विचारलं.

“मिळाली.” मास्तरांनी पावती वर धरली. पहारेकऱ्याने ती लांबूनच पाहिली आणि फाटक उघडायला गेला. मास्तरांनी तिन्ही कागद होते त्या क्रमाने सरळ केले, कडा जुळवल्या, फाइल बंद करून झोळीत ठेवली. झोळीचा पट्टा मघाशी सीटवर जसा पडला होता तसा टाकला.

मुंगी घड्याळ छातीशी धरून आली. टेम्पो फाटकाबाहेर सरकलेला पाहून ती थबकली.

“काय झालं?”

“काही नाही. गाडी काढ म्हणत होता.”

“पावती मागितली का?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग झोळीकडे. ती आत चढली आणि झोळी मांडीवर घेतली. त्यांनी यादीवर घड्याळापुढे खूण केली. अडतीस.

टेम्पो मोठ्या रस्त्याला लागला. ड्रायव्हर मालकाबद्दल काहीतरी सांगत होता, मागची जागा रिकामी गेली म्हणून उद्या कसा बोंबलेल ते. “तुम्हाला तर झोप नाही लागायची मास्तर, एवढी रिकामी गाडी बघून.”

पंधराएक मिनिटांत मुंगीला झोप लागली. डोकं आधी खिडकीच्या काचेवर होतं. एका खड्ड्याला ते हललं आणि मास्तरांच्या खांद्यावर आलं. ती शाळेत असताना अशी झोपायची, तोंड किंचित उघडं ठेवून. डोळ्यांखाली काळं होतं. त्यांनी अकरा दिवसांत तिला जवळून पाहिलंच नव्हतं. त्याआधीही कधी, ते त्यांना नक्की आठवेना.

“लागली वाटतं झोप,” ड्रायव्हर कुजबुजला. “रडली नाही ना? धीराची आहे पोरगी. कुणावर गेलीय देव जाणे.”

“गाडी हळू घे,” मास्तर म्हणाले.

तिला धक्का लागू नये म्हणून त्यांनी डावा खांदा जागचा हलवला नाही. उजव्या हाताने खिशातली नगांची यादी काढली, गुडघ्यावर पालथी घातली, आणि कानावरची पेन्सिल घेतली. आधी सहा विषयांचे गुण एकाखाली एक लिहिले. बेरीज सत्तेचाळीस आली. सहाने भागली. ७.८३.

मग शेवटच्या आकड्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि उरलेल्या पाचांची बेरीज केली. एकेचाळीस. टेम्पो हलत होता, म्हणून पेन्सिल दाबून धरावी लागत होती. त्यांनी पाचाने भाग दिला. उत्तर लिहिलं, आणि पडताळा म्हणून उत्तराला पुन्हा पाचाने गुणून पाहिलं. एकेचाळीसच आले.

८.२०.